दुखणं सांगणारी सागरमावशी

आमच्या गावात कोणाची कंबर धरली, कोणाच्या छातीत धडधडलं, की घरचं माणूस वसमतच्या डॉक्टरकडे जाण्याआधी सागरमावशीच्या दारात जायचं. मावशीला औषधातलं काही कळत नव्हतं. झाडपाला, मंत्र, उतारा यातलंही काही येत नव्हतं. ती फक्त सोबत यायची आणि डॉक्टरला दुखणं सांगायची.

ज्याचं दुखणं त्यानंच सांगावं, असं कोणालाही वाटेल. पण मी सांगते आहे ते दिवस वेगळे होते. आमचा जिल्हा तेव्हा परभणीच होता, हिंगोलीचा जिल्हा नंतर झाला. बाई डॉक्टरसमोर बसली की तिची नजर आपल्या पायाच्या अंगठ्यावर. डॉक्टर विचारायचे, "काय होतंय?" बाई म्हणायची, "दुखतंय." "कुठं?" "समदीकडं." "कधीपासून?" "लई दिस झाले." मग डॉक्टर तरी काय करणार? लाल-पांढऱ्या गोळ्या द्यायचे. घरी आल्यावर सासू म्हणायची, "डाक्टरला बी काई घावलं न्हाई. नाटकं समदी." डॉक्टरने मानलं नाही ते दुखणं घरात कोणी मानत नव्हतं, आणि जे दुखणं कोणी मानत नाही त्याला सुट्टी नव्हती. हळद शिजवायच्या दिवसांत तर नाहीच नाही.

मावशीचं पूर्ण नाव गंगासागर. अंगाने आडवी, हनुवटीवर तीन हिरवे ठिपके गोंदलेले, आवाज विहिरीत उतरलेल्या माणसालाही वर ऐकू जाईल असा. नवरा लवकर वारला होता. मुलगा नारायण आणि सून यांच्याजवळ राहायची. गालात कायम तंबाखू. डॉक्टरच्या दारात आली की ती गोळी काढून पायरीच्या कोपऱ्यात पानावर ठेवायची आणि परत जाताना तीच उचलायची. एकदा कंपाउंडरने झाडून टाकली तर त्याला म्हणाली, "तुज्या गोळ्या मी कधी फेकल्या का रे?"

तिची फी म्हणजे वसमतच्या स्टँडवर एक कप चहा आणि येताना गाडीत खिडकीची जागा. तेवढ्यासाठी ती सांगायला यायची.

मला तिने पहिल्यांदा नेलं तेव्हा माझं लेकरू वर्षाचं होतं. कंबर अशी धरायची की वाकले की वाकलेलीच. घरात सांगून झालं होतं, कोणी ऐकलं नव्हतं. एके दिवशी मावशी विस्तव मागायला आली. मला वाटलं विस्तव घेऊन जाईल, पण ती चुलीजवळ उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली.

"दुखतं का गं?"

मी मान हलवली.

"कुठं दुखतं ते इचारत न्हाई मी. दुखतं म्हनून काय करायचं सोडलंस ते सांग."

मला असं कोणी विचारलंच नव्हतं. मी खूप वेळ विचार केला आणि म्हणाले, "लेकरू कडेवर घ्यायचं."

मावशीने एकदा भिंतीकडे बघितलं आणि विस्तवही न नेता गेली. आणि आठवड्याच्या बाजारादिवशी सकाळी येऊन आमच्या ह्यांना म्हणाली, "बापू, चला वसमतला. तुमी बी चला, तिकिटाचे पैसे कोन देईल?"

डॉक्टरच्या खोलीत मी स्टुलावर, मावशी माझ्यामागे उभी, आणि आमचे हे दारात, चौकटीला टेकून. मावशीने सुरुवात केली.

"डाक्टर सायब, ही वाकती तवा हिच्या कंबरंत ओल्या दोरखंडाला कोन्तरी पीळ देऊन राहिलं, असं होतं. उभी राह्यली तरी पीळ उलगडत न्हाई. चुलीपासून उठाया बसली की आधी हात भुईला, मंग गुडघ्याला, मंग भिताडाला. भिताडाला धरून धरून वर येती. हळदीचा हात हाय सायब. भिताडावर पिवळे पंजे उमटले. एक हितं, एक हितं, एक हितं." आणि ते पंजे तिने आपल्या हळदीने पिवळ्या हातांनी डॉक्टरच्या कमरेपासून खांद्यापर्यंत लावून दाखवले. "सासूला वाटतं लेकरानं भिताड खराब केलं. वरसाच्या लेकराचा हात येवढा मोठा असतो व्हय?"

ती बोलत होती डॉक्टरशी, पण आवाज फेकत होती दाराकडे. हे मला त्या दिवशी कळलं नाही, नंतर कळलं. तिला गोळी डॉक्टरकडून हवी असायची आणि सुट्टी दारातल्या माणसाकडून.

कंपाउंडरची बाटली हातात तशीच राहिली. बाहेर रांगेत बसलेली एक म्हातारी म्हणाली, "मला बी असंच होऊन राह्यलं गं बाई." डॉक्टरने स्वतःची कंबर धरली होती, त्यांच्या लक्षातही नव्हतं. शर्टावर खालपासून वरपर्यंत पिवळे डाग. नंतर नंतर ते बाजारच्या दिवशी मुद्दाम जुना शर्ट घालून यायचे आणि मावशीला बघून म्हणायचे, "या मावशी, आज माझं काय दुखणार आहे?"

त्या दिवशी संध्याकाळी मी भाकरी करत होते. हे शेतातून आले, पाय धुतले आणि हातात रॉकेलची चिमणी घेऊन भिंतीजवळ गेले. एका पंजावर त्यांनी आपला पंजा ठेवून बघितला. मग दुसऱ्यावर. चिमणी कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी सासूबाईंना म्हणाले, "हळदीच्या कढईवर तिला पाठवू नको."

सासूबाई म्हणाल्या, "काहून? कोनी काय करनी केली का काय?"

"तसंच समज," हे म्हणाले.

मावशीचा आणखी एक नियम होता. तिच्यासमोर 'लई' म्हणायचं नाही. "लई दुखतं म्हंजे काय? लईला रंग न्हाई, वास न्हाई, तोंड न्हाई. डाक्टरनं लईला सुई कुठं टोचायची?" मग ती बाईला घेऊन ओट्यावर बसायची आणि त्या 'लई'चं काहीतरी करायची. कोणाच्या डोक्यात पाट्यावर कोरडी मिरची वाटली जायची, कोणाच्या पोटात पोतं शिवायचा दाभण फिरायचा. पण उगीच काही जोडायची नाही. "बघितलेलं सांगावं. न बघितलेलं सांगितलं की ऐकनाऱ्याला बराबर कळतं, त्याच्या तोंडावर माशी बसत न्हाई अन् उठत बी न्हाई." याचा अर्थ मला आजही नीट लागलेला नाही, पण ती फार खात्रीने म्हणायची.

चुका तिच्याही झाल्या. एकदा एकाच गाडीने ती दोघींना घेऊन गेली. कौसाबाईचा गुडघा होता आणि मथुराच्या छातीत जळजळ. रस्ताभर मावशी दोघींची दुखणी मनात घोळवत गेली. डॉक्टरकडे मथुराचा नंबर आधी लागला, आणि मावशीने जे सुरू केलं ते कौसाबाईचं. गुडघ्यात जात्याचा खुंटा कसा सैल होतो, जिना उतरताना कसा टक् वाजतो, सगळं. डॉक्टरने मथुराचा गुडघा दाबला. "इथं दुखतं?" मथुरा म्हणाली, "व्हय." "आणि इथं?" "तितं बी." इंजेक्शन घेऊन मथुरा लंगडत बाहेर आली.

मग कौसाबाई आत गेली आणि मावशीच्या ध्यानात आलं. पण एकदा सांगितलेलं मागं कसं घ्यायचं? ती डॉक्टरला म्हणाली, "हिचा बी गुडघाच सायब. गावात साथ हाय."

स्टँडवर चहा पिताना तिने मथुराला धरलं. "तू बोलली काहून न्हाईस गं? तुजा गुडघा कवा दुखला?"

मथुरा म्हणाली, "मावशी, तुमी इतकं बराबर सांगून राह्यल्या, मला वाटलं असंल बाई आपलाच."

मावशी त्याच पावली परत गेली, डॉक्टरला खरं सांगितलं आणि मथुराचं औषध बदलून आणलं. डॉक्टर हसून हसून खुर्चीत वाकले म्हणे. पण मथुराचं काय घेऊन बसायचं, आम्ही सगळ्या तशाच होतो. डॉक्टर 'दुखतं' म्हणाला की दुखतं, 'नाही' म्हणाला की नाही.

पुरुष माणसं मावशीला हसायची. सगळ्यात जास्त हसायचे किराणावाले नागोराव. मोठ्या मिशा, पैशापैशाचा हिशोब, दुकानात बायका आल्या की म्हणायचे, "आज कोनाचं नाटक हाय वसमतला?" एकदा त्यांच्याच पोटात मुतखड्याची कळ आली. जमिनीवर लोळायला लागले, तोंडातून शब्द निघेना. त्यांच्या बायकोने जीप केली आणि मावशीला बोलावलं. मावशी दुकानात आली, तिने नागोरावांकडे बघितलं, मग गल्ल्याकडे, मग दारात उभ्या असलेल्या एका पोरीकडे बघितलं आणि जीपमध्ये बसली. डॉक्टरसमोर फक्त एवढंच म्हणाली, "सायब, ह्यायनं आज रुपयाच्या लिमलेटच्या गोळ्या मागनाऱ्या पोरीला मूठभर गोळ्या देल्या, अन् पैसे घ्यायचे इसरले."

डॉक्टर वसमतचे असले तरी नागोरावांचे गिऱ्हाईक होते. ते ताडकन उठले.

तिच्या स्वतःच्या दुखण्याची गोष्ट आता सांगते. ती मी एवढी वर्षं कोणाला सांगितली नव्हती, कारण सांगण्याचं काम माझं नव्हतं.

माझी कंबर दाखवायला आम्ही पुन्हा एकदा गेलो होतो. मी, मावशी आणि बाहेर आमचे हे. माझं बरं चाललं होतं. डॉक्टर गोळ्या लिहून देत होते तेवढ्यात मावशी म्हणाली, "सायब, आमच्या गल्लीत एक बाई हाय. तिचं जरा इचारायचं होतं."

"विचारा."

"ती शिंकायला भेती."

डॉक्टरने वर बघितलं.

"हळदीच्या धुराळ्यात काम हाय तिचं, शिंक टळती व्हय? शिंक आली की खांब धरती, पाय आवळती, तोंडात पदर कोंबती अन् शिंक गिळती. डोळ्यातून पानी काढती पन शिंक काढत न्हाई. शिंकली की अंग भाईर येतं. मंग आडोशाला जाऊन हातानं आत सारती, कपड्यानं आवळून बांधती अन् पुन्हा येऊन बसती. तो कपडा धुऊन उन्हात टाकत न्हाई. लुगड्याच्या घडीत घालून वाळवती. कोनी इचारलं, हे काय वाळत घातलं, तं काय सांगावं?"

ती हे दाराकडे बघून बोलत नव्हती. पहिल्यांदाच तिचा आवाज एवढा खाली होता.

डॉक्टरने पेन ठेवलं. आणि माझ्याकडे बघितलं. अगदी मायेने म्हणाले, "बाई, यात लाजण्यासारखं काही नाही. बाळंतपणानंतर बऱ्याच जणींचं गर्भाशय असं खाली उतरतं."

मला वाटलं, मावशी आता म्हणेल, ही नव्हं. मावशीने तोंड उघडलं आणि मिटलं. मी खाली बघितलं, आणि माझं खाली बघणं म्हणजे हो. डॉक्टरने आमच्या ह्यांना आत बोलावलं, वजन उचलू देऊ नका म्हणाले आणि नांदेडच्या बाईडॉक्टरांकडे दाखवायला सांगितलं.

गाडीत खिडकीची जागा रिकामी होती. हे म्हणाले, "मावशी, बसा." मावशी म्हणाली, "बसून बसून कटाळा आला बापू," आणि दांडा धरून उभी राहिली. मी तिच्याकडे बघितलं. तिने बाहेर बघितलं.

घरी आल्यावर जे सुरू झालं ते काय सांगू. आमचे हे सकाळी उठून हंडा घेऊन हापशावर गेले. बायकांच्या रांगेत उभे राहिले. सासूबाईंनी डोक्याला हात लावला. "माज्या लेकाला बायकोनं कामाला लावलं, गाव हसून राह्यलं!" मी ह्यांना आडबाजूला घेऊन म्हणाले, "अहो, मला काही झालेलं नाही. खरंच नाही."

हे म्हणाले, "तू तं असंच म्हनशील. तुला सांगता येतं व्हय? मावशीनं सांगितलं म्हनून कळलं."

आयुष्यभर दुखतंय म्हणाले तर कोणी खरं मानलं नाही, आणि आता दुखत नाही म्हणाले तर तेही खरं मानेनात.

दुसऱ्या दिवशी मी मावशीच्या घरी गेले. सून शेतात होती. मावशी उंबऱ्यात उभी राहून चहा पीत होती.

"मावशी, ते तुमचंच हाय नं?"

"गप मुके." मला ती मुकीच म्हणायची.

"नारायणभाऊला सांगा."

"लेकाला सांगू? असलं? सुनेला सांगू, म्हंजे ती उद्यापासून माज्या ताटाकडं वेगळ्या नजरेनं बघंल?" तिने बशी खाली ठेवली. "दुसरीचं सांगती तवा ते दुखनं असतं गं. आपलं आपुन सांगाया गेलं की रडगानं होतं. मला ऐकूच येतं ते, तोंडातून निघायच्या आधी."

"मंग मी जाते नांदेडला. हे नेणारच आहेत. तिथं टेबलावर मला निजवतील अन् काही सापडायचं नाही. मंग हे म्हणतील मावशी खोटं बोलली."

मावशीने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिची तंबाखू झाडून टाकली होती. मी एवढं लांब कधी बोलले नव्हते.

"येती मी," ती म्हणाली. "पन सोबत म्हनून."

नांदेडच्या बाईडॉक्टर चष्म्याच्या वरून बघणाऱ्या, घाईतल्या. मला म्हणाल्या, "चला, टेबलावर झोपा." मी एक पाय पायरीवर ठेवला. मावशी कोपऱ्यात पिशवी पोटाशी धरून उभी. आणि तिथून माझा पाय पुढे जाईना.

"मी न्हाई बाई," मी म्हणाले. "ह्या."

"कोण ह्या?"

"ह्या. ह्यांना लई..." आणि मी थांबले. 'लई' म्हणून चालणार नव्हतं. मी मावशीकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर गप्प झाले असते. डॉक्टरबाईंच्या टेबलाच्या पायाकडे बघत बोलत गेले.

"ह्या हंडा अर्धाच भरतात. उन्हाळ्यात विचारलं तर म्हणतात पाणी जपून वापरावं. पावसाळ्यात बी अर्धाच भरतात. कोणाच्या घरी गेल्या तर बसत नाहीत, उंबऱ्यात उभं राहून चहा पितात, म्हणतात घाई हाय. घरी गेल्यावर काही काम नसतं. गाडीत जागा मिळाली तरी उभ्या राहतात. आधी हसताना तोंडावर पदर धरायच्या. आता हसताना पोटाखाली हात धरतात. लोकांना वाटतं हसून हसून पोट दुखलं. हसून दुखलेलं पोट असं खालून धरत नाहीत."

मग कोपऱ्यातून आवाज आला.

"अर्धा न्हाई गं. पाऊन. पाऊन हंडा भरती मी. उगं कमी करून सांगू नको."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला. "दोघींपैकी एकीनं तरी टेबलावर या," त्या म्हणाल्या.

मावशीने पिशवी माझ्या हातात दिली आणि गेली.

बाहेर हे बाकावर बसले होते. मी जे खरं ते सांगितलं. आधी त्यांना कळेना, मग राग आला. "मंग मी आठ दिस पानी काहून भरलं? समद्या गावानं बघितलं मला!" मावशी आतून बाहेर येत होती, तिने ऐकलं. "बापू, आता तर हापशाच्या बायांना तुमची सवय झाली. बंद केलं तर इचारतील, नवरा आजारी हाय का म्हनून." हे हसले. पाणी मात्र त्यांनी पुढेही भरलं, पाऊस लागेपर्यंत.

नारायणभाऊला हे सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. तो आईच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला. सुनेने कोणत्याच वेगळ्या नजरेने ताटाकडे बघितलं नाही. ती फक्त म्हणाली, "आत्याबाई, ते कपडे मला धुवायला द्यायचे होते नं." ऑपरेशन नांदेडलाच झालं. बरं झालं. मावशी परत आली ती माझ्या सांगण्यातल्या चुका काढतच आली. "टेबलाच्या पायाकडं बघून बोलत असतात व्हय? टेबलाला काय कळतं?"

काही वर्षांनी आम्ही हिंगोलीला आलो. ह्यांना मोंढ्यात, धान्याच्या आडतीवर, काम मिळालं. गाव सोडायच्या दिवशी सगळे फाट्यापर्यंत आले, मावशीच तेवढी नव्हती. सून म्हणाली, "सकाळपासून तुमच्यासाठी काय काय बांधून राह्यल्यात, बांधनं सरंना." गाडी आली, सामान चढलं, कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली तेव्हा खिडकीतून मला गावाच्या रस्त्याने येणारी मावशी दिसली. तिने गाडी हलताना बघितली, बोचकं काखेत दाबलं, लुगड्याचा काठ वर धरला आणि पळायला लागली.

"अरे थांब रे मुडद्या! थांब!"

एवढी आडवी बाई, पण पोटाखाली हात न धरता डांबरी रस्त्यावर धाड धाड पाय आपटत अशी पळत होती की पाठीमागचं कुत्रं मागं पडलं. कंडक्टर दारातून ओरडला, "आज्जी, पडाल!" मावशी ओरडली, "पडंल तुजी गाडी!" हे मला म्हणाले, "अगं सांग की त्याला थांबवायला."

मी सांगू शकत होते. तोवर मला सांगता येऊ लागलं होतं. पण मी खिडकीची काच वर सरकवली, डोकं बाहेर काढलं आणि गप्प राहिले. मला तिला अजून थोडं पळताना बघायचं होतं.